बरोबर आलेल्याला गोळी

माझी चक्कर गेली ती गायकवाड डॉक्टरांमुळे, हे आधी सांगते आणि मग बाकीचं. लातूरच्या मेसमधलं पोळ्या लाटायचं माझं काम टिकलं, तेही त्यांच्यामुळेच.

या डॉक्टरांच्या टेबलावर लिमलेटच्या गोळ्यांची काचेची बरणी असते. कोणालाही वाटेल, लेकरांसाठी असेल. तसं नाही. गोळी मिळते पेशंटबरोबर आलेल्या माणसाला. मिळते म्हणजे घ्यावीच लागते, आणि ती तोंडात असेपर्यंत त्याने बोलायचं नाही. सासूबरोबर सून असो, बायकोबरोबर नवरा असो, सुटका नाही. आईला घेऊन आलेला एक फौजदार गाल फुगवून गप बसलेला मी स्वतः पाहिलाय.

मी किनवटकडची. सातवीत शाळा सुटली. दोन लेकरं आईजवळ ठेवून इकडं आले, क्लासच्या पोरांच्या मेसमध्ये लागले. आणि मग चक्कर सुरू झाली. एकदा पिठाच्या डब्यावर पडले, एकदा तव्याच्या अगदी शेजारी. मेसवाल्या शोभाताई मनाने चांगल्या, पण त्या दिवशी म्हणाल्या, "अंजना, तव्यावर पडलीस तर तुझ्या आईला मी काय सांगू? नीट हो, न्हाईतर गावाकडं जा बाई." गावाकडं जायचं तर लेकरांच्या शाळेचं काय, हा आणखी एक घोर लागला.

दोन दवाखाने झाले. दोन्हीकडं डॉक्टरांनी विचारलं मला आणि बोलल्या शोभाताई. "हिला अशक्तपणा हाय." दोन्हीकडं सलाईन लागलं.

तिसरे गायकवाड. बाहेर बाकड्यावर एक म्हातारबाबा होते. त्यांनी आधीच भीती घातली. "लई मागं नेतो हा डॉक्टर. मी खोकला घेऊन गेलतो, चुलत्याच्या लग्नापोतर पोचलो."

आत गेल्या गेल्या शोभाताईंनी सुरुवात केली, "आवो, ही काही खातच न्हाई..."

डॉक्टरांनी बरणी पुढं सरकवली. "ताई, गोळी घ्या."

"मला शुगर हाय."

"मग लवंग घ्या." बरणीच्या मागं लवंगांची छोटी डबी तयारच होती. "चावायची नाही. चघळायची."

शोभाताईंनी लवंग तोंडात टाकली आणि माझ्याकडं असं पाहिलं की जणू मीच टाकायला लावली.

"हं. आता तुम्ही."

मला तर बोलायचीच भीती. कसंबसं म्हणाले, "चक्कर येते." त्यांनी कागदावर तेवढंच लिहिलं, मराठीत, शाळेच्या फळ्यावरच्यासारख्या अक्षरात.

"भिंत फिरते, का डोळ्यापुढं अंधार येतो?"

हे मला आजवर कोणी विचारलंच नव्हतं. मी डोळे मिटून आठवून पाहिलं. "भिंत जागेवरच ऱ्हाते. अंधारी येते."

त्यांनी चक्कर या शब्दावर एकच रेघ मारली आणि वर अंधारी लिहिलं. म्हणाले, "खोडलेलंही वाचता आलं पाहिजे. कधी येते?"

"पीठ घ्यायला वाकून उठलं की."

"सकाळपासून सांगा. काय काय खाता-पिता?"

"उठलं की चहा."

"आणि त्याच्या आधी?"

हे त्यांचं पेटंट वाक्य. म्हातारबाबा याच वाक्याने चुलत्याच्या लग्नाला पोचले होते.

"त्याच्या आधी बीपीची गोळी."

"आणि चहानंतर?"

"दुसरी गोळी."

"ती कशाची?"

"तीबी बीपीचीच. एक किनवटची, एक हितली, लातुरात आल्या आल्या सरकारी दवाखान्यात दिलेली."

शोभाताईंची लवंग गिळली गेली. त्यांना ठसका लागला, तरी डॉक्टरांनी माझ्यावरची नजर हलवली नाही. मी पिशवीतून दोन्ही पाकिटं काढून ठेवली. किनवटच्याला लाल पट्टी, हितल्याला निळी. इंग्रजी नावं मला कुठली वाचता यायला?

"तिकडच्या डॉक्टरांनी बंद करू नको म्हणून बजावलं होतं," मी म्हणाले. "हितल्यांनीबी तेच बजावलं. मंग दोघांचंबी ऐकून राहिले मी."

त्यांनी मला बसवून बीपी घेतला, मग उभं करून घेतला. औषध एकच होतं, कंपन्या दोन. मला वाटलं, आता रागावतील. ते म्हणाले, "फारच ऐकणाऱ्या आहात." आणि कागदावर लिहिलं, दोन्ही डॉक्टरांचं ऐकलं. निळी बंद केली, आठ दिवसांनी बोलावलं. मग सगळा कागद मोठ्याने वाचून दाखवला. "हे तुमचंच ना? काही कमीजास्त असेल तर आत्ताच सांगा."

काही कमीजास्त नव्हतं. वाकून उठलं की, हे माझे शब्द तसेच्या तसे होते.

रिक्षात शोभाताई म्हणाल्या, "मला बोलू दिलं असतं तर लवकर झालं असतं." मग उतरताना, "पण निळी मला म्हाईतच नव्हती गं."

आठ दिवसांनी एकटीच गेले. अंधारी पार गेली होती. डॉक्टर बीपी लिहीत होते, तेवढ्यात टेबलाच्या काचेखाली मला एक पिवळा पडलेला केसपेपर दिसला. अक्षर त्यांचं नव्हतं. मी एकेक अक्षर लावत वाचलं. नाव, विमल गायकवाड. तक्रार, पतीच्या सांगण्यानुसार विशेष काही नाही. खाली सगळ्या रेघा कोऱ्या.

मी वाचतेय हे त्यांच्या ध्यानात आलं.

"विचारलं तिला होतं," ते म्हणाले. "उत्तर मी दिलं. मीच डॉक्टर होतो ना. परत सांगायला ती राहिली नाही."

बरणीचं झाकण त्यांनी उगीचच काढलं आणि परत घट्ट लावलं. मग पेन उचललं. "हं. झोप लागते का?"

मी लागते म्हणाले. त्यांनी लागते असं लिहिलं.

आता माझं काम नीट चाललंय, लेकरं शाळेत जाताहेत. पण त्यांचं एक देणं माझ्याकडं राहिलंय. एक दिवस सगळे पेशंट आटपल्यावर मी जाणार. त्यांना पेशंटच्या खुर्चीत बसवीन, विमलबाईंचं नाव काढीन, आणि "आणि त्याच्या आधी?" एवढंच विचारून बरणीतली गोळी माझ्याच तोंडात टाकीन. त्यांचं सगळं सांगून होईपर्यंत ती चावणार नाही.