सुमनमावशींचं पोट

आमच्या शेजारच्या सुमनमावशी बरं-वाईट पोटाला विचारून ठरवतात. डोक्याला नाही, देवाला नाही, माणसांना तर मुळीच नाही. अंगणवाडीतून निवृत्त झालेल्या, मूलबाळ नसलेल्या, एकट्या राहणाऱ्या. अहमदपुरातल्या आमच्या गल्लीत कुठलाही पेच पडला की त्या डोळे मिटतात, पोटावर हात ठेवतात आणि निकाल देतात, “पोट न्हाई म्हणतंय.” त्यावर अपील नाही.

एकदा दारात चुकार शेळी आली. मी म्हणालो, कोंडवाड्यात कळवू. मावशींचं पोट म्हणालं, मालक येईल, ठेवून घ्या. तो येईपर्यंत शेळीनं आमची मेथी, बायकोच्या वाळत घातलेल्या लुगड्याचा काठ आणि माझ्या हातातलं वर्तमानपत्र खाल्लं. मालक मात्र खरंच आला. मावशींनी माझ्याकडं असं पाहिलं, जणू शेळी मीच चोरली होती.

पुढं त्यांच्या पुतणीसाठी आम्ही बिलोलीचं स्थळ पाहायला गेलो. मुलगा नीटस, माणसं साधी. चहा येईतो मावशी पोट धरून उठल्या. “स्थळ बरोबर न्हाई.” घरी आल्यावर कळलं, वाटेत स्टँडवर मिरचीभजी खाल्लेल्या सगळ्यांचंच पोट बिघडलं होतं. माझंही. पुतणीनं हट्टानं तिथंच लग्न केलं आणि ती मजेत आहे. मावशींना छेडलं तर म्हणाल्या, “पोट चुकत न्हाई, भाऊ. कधीमधी घाई करतं.”

चारचौघांचा सल्ला का घेत नाही, असंही मी विचारून पाहिलं होतं. दुसऱ्याला विचारलं की त्याच्या सोयीचं उत्तर येतं, एवढंच त्या बोलल्या.

म्हणून गेल्या वर्षी त्या स्वतःहून सल्ला मागायला आल्या तेव्हा मला धसकाच बसला. पलीकडच्या गल्लीतल्या कौसाबाई त्यांच्या लहानपणच्या मैत्रीण. लातूरच्या डॉक्टरांनी कौसाबाईंच्या मुलांना बाजूला घेऊन सांगितलं होतं, आजार बरा होणारा नाही. मुलांनी मावशींना बजावलं, आईला कळू द्यायचं नाही. तेव्हापासून मावशी रोज कौसाबाईंपुढं बसून ‘पित्त हाय, उतरंल’ म्हणत होत्या.

“पोट काय म्हणतंय?” मी विचारलं.

“काहीच बोलून न्हाई राहिलं.”

मग त्यांनी सगळ्यांना विचारलं. गल्लीतले वकील म्हणाले, मुलांचं ऐका. विहारातले भंतेजी म्हणाले, खोटं बोलू नका. माझी बायको म्हणाली, कौसाबाईंना काय सोसेल ते बघा. मी दोन्ही बाजू मांडल्या, म्हणजे काहीच सांगितलं नाही. मावशींचं जेवण सुटलं.

एका सकाळी त्या दारात उभ्या राहिल्या. कौसालाच विचारते म्हणाल्या, पण एकटीनं जायचा धीर होईना, म्हणून मला सोबत नेलं.

कौसाबाई ओसरीवर भुईमुगाच्या शेंगा फोडत बसल्या होत्या. मावशी समोर टेकल्या.

“कौसे, तुझ्याबद्दल एक गोष्ट मला ठाऊक हाय. तुला सांगू का नको, ते तूच सांग.”

कौसाबाईंचा हात थांबला. “मला ठाऊक हाय, सुमे. पोरं डॉक्टरच्या खोलीतून भाईर आली, तवाच त्यांच्या तोंडावर दिसलं. तुला सांगावं का न्हाई, ह्याचाच इचार करून राहिले. तू एकटी असतीस.”

मावशी पदर तोंडाला लावून रडल्या. कौसाबाई त्यांच्या पाठीवरून हात फिरवत राहिल्या. मुलं आपल्यापुढं हसून बोलतात म्हणून आपल्यालाही हसावं लागतं, त्यानं जीव बेजार होतो, असं त्या सांगत होत्या. मावशींनी तरी आता पित्ताचं नाव काढू नये, नुसतं येऊन बसावं. मग बराच वेळ दोघी शेंगा फोडत राहिल्या आणि मी उगाच टरफलं गोळा करत बसलो.

परतताना मावशी गल्लीच्या तोंडाशी थांबल्या. पाय दुखत असतील असं वाटून मी हात पुढं केला. तो त्यांनी धरला, पण चालल्या नाहीत.

“मला सुमे म्हणणारी आता तेवढीच उरली बघा, भाऊ.”