रिकाम्या चौकटीची हरकत

भरणी ही नवी सोय करताना आपल्याला विचारलं नाही, अशी हरकत घेऊन एक रिकामी चौकट सोमवारी सकाळी ऑफिसात येऊन बसली. वैदेही मगदूमने तिला खुर्ची दिली. दिसायला चौकट काहीच नव्हती. ती बसली की खुर्ची जरा जास्तच रिकामी दिसायची, एवढंच.

सांगलीतल्या त्या छोट्या ऑफिसात ‘पंगत’ नावाची लायब्ररी, म्हणजे इतरांनी आपल्या प्रोग्रॅममध्ये वापरायच्या तयार आज्ञांचा संच, लिहिली जात होती. पंगतीचं काम तक्ते सांभाळण्याचं. आडव्या ओळी, उभे रकाने, आणि दोन्ही जिथे भेटतात तिथे चौकट. वापरणाऱ्याने प्रोग्रॅममध्ये एखादी आज्ञा लिहायची, की पंगत ओळी लावून देई, बेरजा करी, सरासरी काढी. देशोदेशीचे लोक ती फुकट वापरत आणि वर हक्काने भांडत. गेलं वर्षभर त्यांचं एकच टुमणं होतं : चौकटी रिकाम्या असल्या की काम अडतं, त्या आपोआप भरून द्या. म्हणून वैदेहीने भरणी लिहायला घेतली. रकान्यात जे सगळ्यांत जास्त वेळा आलं असेल ते उचलायचं आणि रिकाम्या चौकटीत बसवायचं.

हरकत येण्यात नवल नव्हतं. ओळी उलट्या लावायची सोय केली तेव्हा तारखांचा रकाना येऊन गेला होता. चक्कर येते म्हणाला, चहा प्याला आणि संमती देऊन गेला. ज्याच्यावर सोय चालणार त्याचं आधी ऐकून घ्यायचं हा तिथला शिरस्ता होता, आणि ऑफिसचे प्रमुख दिलावर इनामदार तो काटेकोरपणे पाळत.

“कुठल्या तक्त्यातल्या तुम्ही?” इनामदारांनी विचारलं.

“चाचणीच्या,” चौकट म्हणाली. “या ताईंच्याच.”

पंगतीवर काम करणाऱ्यांना एक खोड होती. नवी सोय तपासायची झाली की ते आपल्याच घरच्यांचा तक्ता करत. परक्या आकड्यांत चूक खपून जाते, पण स्वतःच्या मामाचं वय सात दिसलं की लगेच खटकतं. वैदेहीच्या तक्त्यात आई होती, काका-काकू होते, ती स्वतः होती आणि थोरला भाऊ भरतेश होता. मुक्कामाच्या रकान्यात सगळ्यांपुढे बुधगाव. भरतेशपुढे काही नाही. कामधंदा बघतो म्हणून तो बाहेर पडला, काही दिवस फोन आले, मग येईनासे झाले. बंगळूरला आहे म्हणणारे भेटले, तिकडे नाही म्हणणारेही भेटले.

“भरणी चालवली की माझ्यात बुधगाव येतं,” चौकट म्हणाली. “मागच्या आठवड्यात आलं होतं. ताईंनी बघितलंय.”

वैदेहीने बघितलं होतं. भरतेश मगदूम, मुक्काम बुधगाव. काम सोडून ती त्या ओळीकडे बघत बसली होती, आणि तिला बरं वाटलं होतं. इतकं बरं तिला कित्येक वर्षांत वाटलं नव्हतं.

“मग अडचण कुठं आहे?” इनामदार म्हणाले. “रिकाम्या होतात, भरलात. लोक यासाठीच मागं लागलेत.”

“ताईंचा एक प्रोग्रॅम दर रविवारी चालतो. ज्याचा मुक्काम रिकामा असेल त्याच्या नावानं तो दवाखान्यांना, लॉजवाल्यांना, कारखान्यांना विचारणा धाडतो. या रविवारी एकही विचारणा गेली नाही. तक्त्यात भरतेश घरी होता. घरी बसलेल्या माणसाला कोण शोधणार?”

हे वैदेहीच्या ध्यानातच आलं नव्हतं. तिला स्वतःची लाज वाटली.

इनामदारांनी चष्मा पुसला. “दुसरा मार्ग आहे. चौकट रिकामी दिसली की अख्खी ओळच काढून टाकायची. म्हणजे कुणाचंच अडत नाही.”

“ओळ काढायची नाही, सर,” वैदेही म्हणाली.

“मग आहे तसं ठेवलं तर लोकांचं काम अडतं. आता तुम्हीच काही सुचवा,” ते चौकटीला म्हणाले.

“मला सुचत नाही. मी रिकामी आहे,” चौकट म्हणाली. “घरातलं वडीलधारं कुणी असेल तर विचारून घ्या.”

दुपारच्या एस्टीने वैदेहीची आई आली. पद्मावतीबाई उंबऱ्याशी चप्पल काढून आत आल्या, तांब्याभर पाणी प्यायल्या आणि त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

“माझ्या भरतेशची हाय व्हय ही?” त्यांनी खुर्चीकडे बघून विचारलं.

“त्यांच्या मुक्कामाची,” चौकट म्हणाली.

“जेवलीस का बाई?”

“मला काही घेता येत नाही, मावशी.”

“भरतेश बी असाच. परक्याच्यात पाणी घ्यायचा न्हाई.” त्यांनी पदराने तोंड पुसलं.

इनामदार म्हणाले, “मावशी, बुधगाव लिहायचं, की नाव काढायचं, एवढं सांगा.”

“बुधगाव लिवलं तर येईल का त्यो?”

“नाही.”

“मग कशापायी लिवायचं?”

“जागा मोकळी ठेवता येत नाही हो. मोकळी दिसली की त्यात कायतरी येऊन बसतं.”

“एस्टीत काय करता मग तुम्ही?” पद्मावतीबाई म्हणाल्या. त्यांनी पिशवीतून रुमाल काढला, त्याची घडी नीट केली आणि खुर्चीवर टाकला.

इनामदारांनी कागद पुढे ओढला. ते नुसती मान डोलावून गप्प बसणाऱ्यांतले नव्हते.

“रुमाल टाकलेली जागा भरलेली धरायची की रिकामी?”

“दोन्ही न्हाई. माणूस यायचं हाय.”

“सरासरी काढताना?”

“ओलांडून पुढं जायचं,” वैदेही म्हणाली. “आणि शोध चालू ठेवायचा.”

“रुमाल उचलायचा कुणी?”

“ज्यानं टाकला त्यानं,” पद्मावतीबाई म्हणाल्या. “न्हाईतर ज्याच्यासाठी टाकला त्यानं.”

“आणि कंडक्टर उठवायला आला तर?”

“येऊ दे की.”

चौकटीने हरकत मागे घेतली आणि ती तक्त्यात आपल्या जागी गेली. रुमाल खुर्चीवरच राहिला. पुढे हरकत घेऊन येणाऱ्यांसाठी इनामदारांनी बाजूच्या दुकानातून दुसरी खुर्ची आणवली.

पंगतीच्या नव्या आवृत्तीत भरणीसोबत रुमालही गेला. लोक भरणी मागत होते, पण वापरायला लागले रुमाल. एका बंदरातल्या ऑफिसाने न परतलेल्या होड्यांवर टाकले. एका शाळेने अर्ध्यातून गेलेल्या मुलींवर टाकले. रुमाल म्हणजे काय, असं कुणीच विचारलं नाही. मागणी आली ती वेगळीच : रुमालांनी तक्ते अडून राहतात, तेव्हा ठरावीक मुदतीनंतर ते आपोआप उचलले जावेत.

इनामदारांनी मागणी वैदेहीकडे दिली. तिने ती संध्याकाळी घरी वाचून दाखवली. आई भाकरी थापत होती.

“मुदत घालू नगंस,” आई म्हणाली. तव्यावरची भाकरी उलटून झाल्यावर तिने विचारलं, “टाकणारं माणूसच गेलं, तर काय हुतंय गं रुमालाचं?”

रुमालाच्या नियमांत ही गोष्ट राहूनच गेली होती.

दुसऱ्या दिवशी तिने नियमांत एक ओळ वाढवली : टाकणारा हयात नसल्यास रुमाल त्याच्या वारसाकडे जाईल, आणि वारसाने तो तसाच ठेवावा. इनामदारांनी ओळ वाचली.

“वारसाचं म्हणणं ऐकून घ्यावं लागेल,” ते म्हणाले. “त्याच्यावर सोय चालणार आहे.”

“हो सर,” वैदेही म्हणाली, आणि दुसऱ्या खुर्चीवर जाऊन बसली.