कॉफीनंतर झोप लागते का?

सेतुमाधवराव रक्त काढण्याआधी नाव विचारतात, पण त्याच्याही आधी विचारतात, "संध्याकाळी कॉफी घेतली तर झोप लागते का?"

चेन्नईतल्या आमच्या केंद्रात यकृताच्या कर्करोगावर संशोधन चालतं. एकच औषध एकाला सोसतं, दुसऱ्याला का नाही, याचं उत्तर रक्तातल्या जनुकांत शोधतात. मी कार्यालय सांभाळते, सेतुमाधवराव रक्ताची खिडकी. ते तंजावरचे मराठी. त्यांची मराठी मला निम्मी कळते आणि माझी पुणेरी त्यांना पेपर वाचल्यासारखी वाटते.

पहिल्याच दिवशी मला विचारलं, "कापी पिऊन नीज येती का मा?"

"येते. भाषण ऐकूनही येते."

त्यांनी ते वहीत लिहून घेतलं. तेव्हापासून चार वाजता मला कॉफीने भरलेला स्टीलचा टंबलर, वॉचमनला अर्धा आणि आमच्या डॉक्टरांना कॉफीचा नुसता वास असलेलं दूध मिळतं. डॉक्टरांनी एकदा हट्टाने माझा टंबलर उचलला. दुसऱ्या दिवशी तांबारलेले डोळे घेऊन आले आणि मुकाट्याने दूध प्यायले.

"कॉफीचं विघटन यकृतातच होतं, कबूल," ते सेतुमाधवरावांना म्हणाले, "पण त्यावरून कर्करोगाच्या औषधाचं काही कळत नाही."

"ठाऊक आहे की सार," म्हणून त्यांनी पुढच्या पेशंटला तेच विचारलं.

मग तक्रार आली. तांबरमहून पहाटे निघालेले एक गृहस्थ उपाशीपोटी रांगेत तासभर कॉफीच्या गप्पा ऐकत उभे होते. सेतुमाधवरावांना खिडकीवरून काढून नमुन्यांच्या फ्रीजरकडे नेमायचं ठरलं. पत्र द्यायला मी गेले.

त्यांनी ते वाचलं, घडी घातली. "फ्रीजरला काय विचारू मा?"

मी पोचपावतीचं पान पुढे केलं.

"आमची ही म्हणायची, चारनंतर एक घोट घेतला की रात्रभर टक्क जागी. तीस वर्षं मी म्हणालो, नाटक. मग हाच आजार झाला. गोळ्या सुरू केल्या, तर म्हणाली, तळवे जळतात, मला सोसत नाही. मी पुन्हा तेच म्हणालो. डॉक्टरला सांगितलंच नाही. सांगेपर्यंत फार उशीर झाला."

मी पत्र परत घेतलं, डॉक्टरांना गाठलं आणि त्यांच्या संमतीने फॉर्मवर एक रकाना वाढवला: 'तुम्हाला काय काय सोसत नाही?' लोक रांगेतच तो भरतात. रांग आता झपाझप सरकते. सेतुमाधवराव खिडकीवरच आहेत आणि प्रत्येक फॉर्मचा तेवढा रकाना दोनदा वाचतात.

सगळ्यांना कॉफी देऊन ते स्वतः मात्र चारनंतर गरम पाणी पितात. मी समजत होते, त्यांनाही ती सोसत नसेल. परवा विचारलंच.

"मला झकास नीज येती मा," ते टंबलर विसळत म्हणाले. "तिला येत नव्हती."