तोंडवलीचा लांबमान्या

"गो प्रेमा, ह्या हाड अंगणात ठेव नको," हौसाबाईंनी सुनेला बजावलं होतं. "वाडीतली माणसां भलताच काय समाजतली."

पण प्रेमलता पडली कोल्हापूरची बी.एस्सी. सासूचं बोलणं तिने पदरावरच्या वाळूसारखं झटकून टाकलं. वादळानंतर किनाऱ्यावर सापडलेला तो मणका चांगला पाटाएवढा होता. बैलाचा नव्हे, हत्तीचाही नव्हे. चुलीवरची पेज उतू जाईपर्यंत विचार करून तिने निकाल दिला: लांब मानेचा डायनासोर, आणि तोही नव्या जातीचा. उरलेली मान जवळपास असणारच.

खरा घोर वेगळाच होता. तिचा बाबू दीड वर्षाचा होऊन गेला, तरी पाऊल टाकत नव्हता. नवरा मुंबईला गोदीत. दिवसभर ती पोराच्या पायांकडे बघत बसायची. मणक्यात डोकं घातलं की तेवढा वेळ पाय विसरायला व्हायचं.

"असलं हाड आणखी कुणाकडे आहे का हो?" तिने घरोघर विचारलं. संध्याकाळी शेजारचा लवू एक मणका खांद्यावर घेऊन हजर.

"कुठे सापडला?"

"दर्यार. आणखी खंय गावतलो?"

पाठोपाठ सुभद्राकाकी आली. "माझ्याकडे दोन आसत. पुरे ना गो?"

मान रोज वाढू लागली. तुळशीपासून निघाली ती माडाला वळसा घालून गोठ्याशी टेकली. प्रेमलतेने वर्णन लिहिलं: 'लांबमान्या. मान अंगणाहून लांब, स्वभाव शांत असावा.' तिचे कॉलेजचे सर मालवणला सुट्टीवर आले होते. त्यांना निरोप गेला.

रविवारी सर आले. त्यांच्यामागून अख्खी वाडी आली. धुतलेली धोतरं, अबोलीचे वळेसर, हातात नारळ. "सरक गो वायंच," म्हणत प्रेमलतेला बाजूला सारून सुभद्राकाकी एका मणक्यावर बसली. शेजारी लवू बसला. बघता बघता लांबमान्याची सगळी मान माणसांखाली गेली.

"अहो उठा, ते फार जुनं आहे!"

"जुनाच," लवू म्हणाला. "माझी आजी ह्याच्यारच बसान मासळी कापी."

कुणाकडे कार्य निघालं की आपापली हाडांची बसणी न बोलावता पोचवायची, ही वाडीची रीत. प्रेमलता हाडं मागत फिरली, तेव्हाच वाडीने ओळखलं होतं: पोरासाठी नवस बोललीय, जेवण घालायचंय, आणि सांगायला लाजतेय.

"तुझो झील चलाचो म्हणान आमीय देवाक गाऱ्हाणा घातला," काकी म्हणाली.

प्रेमलता काकीच्या पायाशी बसली. सर मात्र एक मणका उलटा करून बघत होते. ते हळूच म्हणाले, "अगं, हा देवमासा. एक नाही, तीन-चार आहेत. आणि देवमाशाला मान जवळपास नसतेच."

तिने ऐकलंच नाही. बाबू लवूचा गुडघा धरून उभा राहिला होता. तिथून त्याने काकीचं लुगडं धरलं, मग पुढचा गुडघा, मग त्याच्या पुढचा. अख्खी मान चालून तो गोठ्यापर्यंत गेला.

"भात झालो हा," हौसाबाई दारातून म्हणाल्या. त्यांनी पहाटेच मोठं तपेलं चढवलं होतं.

जेवण झालं आणि लांबमान्या तुकड्यातुकड्यांनी आपापल्या घरी गेला. प्रेमलतेला आता नवा घोर लागलाय. तोंडवलीच्या वाटेने जाणार असाल, तर तिचं एवढं काम करा. माडाखाली जरा बघा. लाल झबलं, हातात शिंपला. दर्याकडे निघाला असेल, तर धरून ठेवा. ती धावत येतेच आहे.