मोजून दोन टाळ्या

माझी आई वीटभट्टीवर कामाला होती. घरात कुणी आजारी पडलं की डॉक्टर लांब आणि नवस जवळ. धाकटा भाऊ तापाने फणफणला तेव्हाही आधी नवसच झाला. घराण्यातला पहिला पदवीधर झालो आणि मी नवसाशी कायमचा काडीमोड घेतला. आणि नशीब बघा, इथे लंडनच्या हॅरोत शेजारी मिळाले ते कोल्ह्याला ‘साहेब’ म्हणणारे टिपणीसकाका!

कचऱ्याची बिन बाहेर ठेवायच्या दिवशी सकाळी त्यांच्या बागेतल्या शेडवर कोल्हा बसलेला असतो. काका हातातली पिशवी खाली ठेवतात, कमरेत वाकतात आणि म्हणतात, “साहेब, विसरलो नाही. जरा गुडघ्याचं बघतोय.”

“अहो काका, लंडनमध्ये कोल्हे कुठे नसतात?”

“ग्रॅज्युएट, तू क्योटोला नव्हतास.”

झालं होतं असं. काकूंच्या छातीत गाठ निघाली, ऑपरेशनची तारीख ठरली, आणि त्याआधीच बुक केलेली जपानची ट्रिप मध्ये आली. तिथे डोंगरभर शेंदरी कमानी असलेलं इनारी देवाचं देऊळ. जागोजाग दगडी कोल्हे, म्हणजे देवाचे निरोपे. काकू खाली चहा पीत बसल्या आणि काका गुपचूप नवस बोलले: कुमुद बरी होऊ दे, परत येऊन अनवाणी डोंगर चढेन.

“मराठीत?” मी विचारलं.

“मग? मला काय जपानी येतं?” काका उखडले. मग आवाज उतरला. “भाषेचं काही नाही रे. टाळ्यांचं चुकलं. तिथे वाकायचं आणि दोनच टाळ्या वाजवायच्या. तेवढ्यानंच देवाला कळतं कुणीतरी आलंय. मी सबंध आरती वाजवली. किती जण जागे झाले असतील!”

काकू बऱ्या झाल्या, काकांचे गुडघे गेले. आता काकूंचा पुन्हा स्कॅन झाला होता, रिपोर्ट यायचा होता, आणि शेडवर एकाचे तीन साहेब झाले होते.

“वसुलीला आलेत,” काका कुजबुजले.

“काका, तुम्ही आयुष्यभर फार्मसिस्ट होतात!”

“म्हणूनच. औषध कधी चालत नाही, तेही मला माहीत आहे.”

रिपोर्टच्या दिवशी मी कामाला निघालो, तर हॅरोच्या टेकडीच्या चढावर काका. गारठलेला फुटपाथ, पाय उघडे, बूट बगलेत.

“क्योटो नाही तर हॅरो,” ते धापा टाकत म्हणाले. “डोंगर तो डोंगर.”

मी मागे पाहिलं. हेजच्या झुडपांच्या कडेने एक कोल्हा आमच्याच चालीने येत होता. मी पटकन काकांच्या जवळ सरकलो. पदवी बहुतेक घरीच राहिली होती.

“ती झोपली ना,” काका मध्येच थांबले, “की मी तिच्या नाकापाशी हात धरतो. श्वास लागला, की मग मला झोप येते.”

मी त्यांचे बूट घेतले आणि दंडाला धरून त्यांना वर नेलं.

वर चर्चच्या कुंपणापाशी काका वाकले. एक टाळी. दुसरी. तिसरीसाठी निघालेला हात त्यांनी दुसऱ्या हाताने घट्ट धरून ठेवला.

त्यांच्या खिशात फोन वाजला. ते हात लावेनात. मीच काढून कानाला लावला आणि ‘हॅलो’ म्हटलं.

“अरे, तू होय?” काकू म्हणाल्या. “ह्यांना सांग, रिपोर्ट स्वच्छ आहे. आणि आता बूट घालायला सांग.”

काकू बऱ्या आहेत. काका डोंगर चढले.