का जायचंय?

कंडक्टरनं "कुठं जायचंय?" एवढंच विचारायचं असतं. आमचे बबनमामा पुढे "का जायचंय?" हेही विचारत, आणि उत्तर मिळाल्याशिवाय तिकिटाला पंच मारत नसत.

शिरूर–दौंड ही त्यांची नेहमीची गाडी. मी शिरूर डेपोच्या स्टोअरमध्ये नवा क्लार्क होतो. न्हावऱ्याहून त्याच गाडीनं ये-जा करायचो, त्यामुळे हा खेळ मला रोज बघायला मिळे.

"मयताला चाललोय! द्या तिकीट!" एक गृहस्थ एकदा खेकसले.

"कुणाच्या? काय झालं हुतं त्यास्नी?" मामा शेजारी टेकलेच.

शिरूर येईपर्यंत गृहस्थांनी चुलत्याचं सगळं आजारपण सांगितलं आणि उतरताना मामांचा हात धरून रडले. तोवर मागच्या सीटवरच्यांची तिकिटं राहूनच गेली. ती मामांनी स्टँडवर त्यांच्यामागे पळत जाऊन दिली.

तरणं पोरगं एकटं, हातात बॅग, असं दिसलं की उलटतपासणी जास्तच.

"भरतीला चाललोय, मामा."

"बापाला ठाव हाय?"

"हाय की."

"मग जा. छाती फुगवून जा."

डेपोत त्यांना सगळे 'चौकशी खिडकी' म्हणत. म्हणणाऱ्यांत मीही होतोच.

त्या वर्षी डेपोच्या हौशी मंडळींनी नाटक निवडलं, तेही मानसोपचारतज्ज्ञाचं. घरातून निघून गेलेला, मग सापडलेला, पण तोंडच न उघडणारा एक तरुण, आणि त्याला बोलतं करणारा डॉक्टर. पात्रं दोनच. दिग्दर्शक आमचे हेडमेकॅनिक नाना. डॉक्टर कोण, यावर चर्चाच झाली नाही. "आयता डॉक्टर गाडीत फिरतोय की," नाना म्हणाले. गप्प बसायचं काम कुणालाही जमेल, म्हणून पेशंट मी.

डॉक्टरचा पांढरा कोट गुरांच्या दवाखान्यातून मागून आणला होता. त्याच्या वासानं पेशंटचा चेहरा आपोआप दुःखी व्हायचा. मामांनी कोट घातला, पण हातातला पंच काही सोडला नाही. माझी बोलायची वेळ आली की ते तो टेबलावर दोनदा ठोकत. दोन टोले म्हणजे गाडी सोडा.

"मामा, ही येष्टी न्हाई, दवाखाना हाय!" नाना ओरडायचे.

"आवो, पण पेशंट हालाय पायजे का नगं?"

शेवटी नानांनी हात टेकले. टोले नाटकात राहिले.

प्रयोग दौंडला होता, दुपारचा. हॉल बऱ्यापैकी भरला होता. शेवटचा प्रवेश आला. डॉक्टर विचारतो, "कुठं गेला होतास?" मी गप्प. मग टोले पडायचे आणि मी माझं लांबलचक भाषण सुरू करायचं, असं ठरलेलं.

मामांनी विचारलं, "कुठं गेला होतास?" मी गप्प राहिलो. टोले काही पडेनात. मामांनी पंच टेबलावर ठेवून दिला आणि माझ्यासमोर वाकले.

"कुठं ते मला ठाव हाय. तिकीट मीच दिलं हुतं. का निगालास, तेवढं सांग, बाळा."

हे नाटकात नव्हतं. विंगेत नाना पानं उलटायला लागले. काहीतरी बोलणं भाग होतं, आणि तोंडाला आलं ते बोलून गेलो.

"तुमी इचारलंच न्हाई."

मामांनी हळूच मान हलवली.

"व्हय," ते म्हणाले. "लई गर्दी हुती."

मग त्यांनी पंच उचलून दोनदा ठोकला. मी भाषण कसंबसं संपवलं आणि पडदा पडला. टाळ्या जोरात पडल्या. लोकांना सगळं नाटकातलंच वाटलं.

नानांनी मला विंगेत बाजूला घेऊन सांगितलं. मामांचा एकुलता एक मुलगा सुरेश. कॉलेजात होता. एका बाजारच्या दिवशी तो बॅग घेऊन मामांच्याच गाडीत चढला. गाडी गच्च भरलेली. मामांनी सगळ्यांसारखंच त्यालाही "कुठं?" विचारलं, तो "दौंड" म्हणाला. तिकीट देऊन मामा पुढे सरकले. दौंडला काय, चारी दिशांना रेल्वे. पोरगं कुठल्या गाडीत बसलं, कुणालाच कळलं नाही. ते परत आलंच नाही. "तवापासनं इचारतो त्यो सगळ्यास्नी," नाना म्हणाले.

संध्याकाळी परतीच्या गाडीत मामांची ड्यूटी नव्हती. तरी सगळे बसल्यावर ते उठून माझ्यापुढे येऊन उभे राहिले. गालावरचा रंग अजून तसाच होता.

"कुठं?"

"न्हावरे."

पंच हातात धरून ते नुसतेच थांबले.

"आई जेवायची थांबलीया, मामा," मी म्हणालो.

"मग चल," म्हणाले, आणि त्यांनी घंटीची दोरी दोनदा ओढली.