बगळ्याच्या नावाचा धक्का

एका जंगलात, मुलांनो, नदीच्या अलीकडे सगळे प्राणी राहत आणि चांगला चारा नेमका पलीकडे उगवे. मधल्या पाण्यात मगरी होत्या.

उदाजी नावाच्या पाणमांजराने वाहून आलेले ओंडके वेलींनी बांधले आणि तराफा केला. ओंडका का तरंगतो हे त्याला ठाऊक नव्हतं. तरंगतो ना, मग झालं! ससे पार गेले, हरणं पार गेली. उदाजी मोठा संशोधक ठरला.

काठावर शुभ्रानंद बगळा एका पायावर उभा राहून पाणी न्याहाळत असे. दगड बुडतो, लाकूड का बुडत नाही, असं तो ज्याला त्याला विचारी. सगळ्यांना वाटे, याचा डोळा माशांवर आहे. थोडासा होताही.

पुढे उदाजी दरवर्षी नवा तराफा काढू लागला. कधी शेंदरी, कधी झालरीचा. वजन मात्र प्रत्येक तराफा पूर्वीइतकंच पेलत असे.

मग अलीकडचा चारा संपला. मागे राहिला तो तराफ्याला न पेलणारा गव्यांचा कळप. उदाजीने आणखी ओंडके जोडले, तर प्रवाहात वेली तटातट तुटल्या.  धोंडाई गविणीच्या वासराच्या बरगड्या दिसू लागल्या होत्या.

उदाजी मान खाली घालून बगळ्याकडे गेला.

शुभ्रानंद म्हणाला, "ओंडका जेवढं पाणी बाजूला सारतो, तेवढ्याच वजनाने पाणी त्याला वर ढकलतं. तू त्यातला बराचसा जोर लाकूड वाहण्यातच घालवतोस. ओंडका आतून कोरून काढ."

सुतारपक्ष्यांनी सावरीचं अजस्र खोड कोरलं. त्या होडीतून आधी वासरू पार झालं, मग एकेक करून सगळा कळप. उदाजीला रडूच आलं.

शुभ्रानंद मात्र आता वाऱ्याकडे बघत होता. वारा होडी ओढेल का, हे त्याला तपासायचं होतं. वनसभेने विचारलं, होडी झाली, आता तपासायचं काय उरलं? शिवाय त्याची उभं राहायची जागा होड्यांच्या धक्क्यासाठी हवी होती. त्याला मानाने डोंगरावर हलवण्यात आलं. निरोप उदाजीनेच नेला.

उदाजीला वाईट वाटलं. पण धक्क्याला नाव शुभ्रानंदाचंच दिलं होतं, त्यामुळे फार वेळ नाही.

तात्पर्य: डोकं चालेनासं झालं की विज्ञानाला शरण जावं. डोकं पुन्हा चालू लागलं की विज्ञानाचा सत्कार करावा, म्हणजे ते वाटेतून बाजूला होतं.